रिकामा रकाना

आबा, म्हणजे तुमचे पणजोबा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांची सायकल काही निवृत्त झाली नाही. चहा झाला की पायजम्याला क्लिप लावून ते कालव्याच्या भरावावरून एक चक्कर मारून यायचे. कुणी सांगितलेलं नसायचं, पगार नसायचा, पण आज पाणी किती बोटं उतरलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना भाकरी गोड लागत नसे. बारामतीतलं आमचं घर कालव्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. आई स्टोव्हला पंप मारता मारता हळू आवाजात त्रिशरण म्हणायची, रस्त्यावरून एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या मोटारसायकली जायच्या, आणि त्या थांबल्या की आबांच्या सायकलची घंटा वाजायची. मग न्याहारी. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि वडगाव निंबाळकरहून मामानं किटलीतून पाठवलेलं दूध. त्या दुधाला इतकी दाट साय यायची, की आई ती बोटानं उचलून आधी माझ्या भाकरीवर ठेवायची आणि मग आबांकडे बघायची. तारा, नील, तुमच्या फ्रीजमधल्या खोक्यातल्या दुधावर साय का येत नाही, हे तुम्ही मागच्या फोनवर विचारलंत. त्याचं उत्तर मी वेगळं लिहीन. आज मला दुसरंच सांगायचंय.

माझा टापटीपपणा आबांकडून आला. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत तीस वर्षांच्या पाणीवाटपाच्या वह्या होत्या, पट्टीनं आखलेल्या, प्रत्येक गावाची वेगळी. मला त्यांनी पुण्याला वसतिगृहात ठेवून इंग्रजी शाळेत शिकवलं. पदवी आणि कॉम्प्युटरची पदविका घेऊन परत आले, तेव्हा गल्लीत मला ‘इंग्लिशवाली’ म्हणत. बारामतीत तेव्हा नुकत्याच निघालेल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला लागले. आठ मशिनं, खिडक्यांना जाड पडदे, दाराबाहेर चपलांची रांग. कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, असा नियम होता. सकाळी क्लासचे मालक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, प्रत्येक मशिनला उदबत्ती ओवाळायचे. देवघर आणि क्लास यांत फरक इतकाच, की देवघरात तुम्हाला देव उघडून बघावासा वाटत नाही.

त्या क्लासमध्ये इंदापूरकडच्या एका गावच्या पाणी वापर संस्थेचे चिटणीस एक दिवस पिशवीत वह्या घेऊन आले. सगळे त्यांना तात्या म्हणत. कालव्याच्या फाट्यावरून त्यांच्या गावात एक चारी, म्हणजे शेतांना पाणी देणारा लहान पाट, जाते. दर आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सुटेल तेव्हा, त्या चारीवर कुणाला किती तास पाणी, ह्याची यादी हातानं करायची आणि ती केली की भांडणं व्हायची. अमक्यानं चिटणिसाला चहा पाजला म्हणून त्याचा अर्धा तास वाढला, वगैरे. “मानसानं केलं की संशय येतो, बाई,” तात्या म्हणाले. “मशिनीनं केलं तर कुनाला काय बोलायची सोय न्हाय.” सरांचे डोळे चमकले. काम माझ्याकडे आलं.

मी महिनाभर खपून प्रोग्राम लिहिला. गावाचा रिवाज असा, की पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करायची आणि मग एकेक शेत करत वर गेटपर्यंत यायचं. कारण वरच्यांनी आधी घेतलं तर खालच्याला उरतच नाही. ते मला आबांमुळे लहानपणापासून माहीत होतं, ते मी बरोबर केलं. ज्याचं जितकं क्षेत्र तितके तास, तेही बरोबर केलं. तात्यांच्या नमुन्याच्या यादीत सात रकाने होते. त्यातला शेवटचा रकाना सगळ्या पानांवर रिकामा होता. मी विचार केला, रिकामी जागा कशाला छापायची? आणि तो गाळून टाकला. पान कसं सुबक दिसायला लागलं.

संस्थेच्या कचेरीत कॉम्प्युटर बसला तेव्हा नारळ फुटला. सरांनी प्रोग्रामला कुलूप घातलं होतं. एक ठरावीक फ्लॉपी घातल्याशिवाय तो चालत नसे, त्याची नक्कल होत नसे, आणि आत काय लिहिलंय ते तर कुणालाच दिसत नसे. गावानं ठरावच केला, की कॉम्प्युटरच्या यादीत हातानं खाडाखोड चालणार नाही. मी परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मनातल्या मनात फुगत होते.

तीनेक महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, पायांत प्लॅस्टिकच्या चपला, हातात छापील कागदाची सुरळी.

“कालव्यावर हुते ते आबासायेब हितंच ऱ्हात्यात का?”

आईनं तांब्या पुढे केला. “पानी घ्या आदी.”

“पान्यासाठीच आलेय, पर तांब्यानं भागायचं न्हाय,” ती म्हणाली, आणि तरीही तांब्या रिकामा करून खाली ठेवला. तिचं नाव हौसाबाई. चारीच्या अगदी टोकाला तिची दोन एकर डाळिंबाची बाग होती. घरी करणारी ती एकटीच. दोन आवर्तनं झाली, तिला धड पाणी मिळालं नव्हतं. पहिल्या वेळी वाटलं, चारी कुठंतरी तुंबली असेल. दुसऱ्या वेळी ती शेजाऱ्याचं घड्याळ मागून बांधावर बसली. सहाला तिची पाळी सुरू. पाणी आलं दहाला. अकराला वरच्या शेतकऱ्यानं यादी दाखवून पाणी वळवून घेतलं.

“संस्थेत गेले तर म्हनत्यात, यादीत तुमचे पाच तास हायेत की. कॉम्प्युटर चुकत न्हाय. क्लासवाल्यांना इचारलं तर म्हनत्यात, आत बघता येत न्हाय. म्हनलं, ज्यांनी जल्मभर पानी वाटलं त्यांनाच इचारावं.”

आबांनी चष्मा लावून कागद उजेडाला धरला.

“गेट किती वाजता उघडत्यात?”

“सहाला.”

“आन् तुमची पाळी?”

“सहालाच.”

“चारी किती लांब हाय?”

“आसंल की दोन-अडीच मैल. कोरडी ठक्क आसती, निम्मं पानी जमीनच पिती.”

“मग पानी काय इमानानं येतंय व्हय?” आबांचा आवाज चढला. “पानी पोचल्याच्या वेळंचा रकाना कुठाय? टेलच्या, टोकाच्या मानसाचं घड्याळ पानी शेतात पडल्यावर सुरू व्हतं. पाटकरी बांधावर उभा ऱ्हाऊन पेन्सिलीनं वेळ घालतो, मग यादीत त्याच्या खालच्या सगळ्या वेळा सरकत्यात. म्हनून तर तो रकाना कोरा ठेवायचा! कोन गाढवानं केलीय ही यादी?”

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. तिला माहीत होतं. आबांना माहीत नव्हतं. त्यांना मी फक्त इतकंच सांगितलं होतं की एका संस्थेचं काम केलं.

“मी केलीय, आबा,” मी म्हणाले.

तुम्हाला खरं सांगते, त्यानंतर आयुष्यात मी बरंच काही ऐकलं, डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं. पण त्या सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आबांच्या तोंडून ऐकलेलं ‘गाढव’ अजून विसरले नाही. मी तो रकाना पाहिला होता. वीस पानांवर पाहिला होता. आणि रिकामा आहे म्हणून तो निरुपयोगी आहे, असं ठरवून टाकलं होतं. पाणी वाटून झाल्यावर भरलेलं असलंच पान आबांच्या ट्रंकेत होतं, पेन्सिलीच्या आकड्यांसकट. मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तू? येवढी शिकल्याली?” त्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि ते टोमण्याहून जास्त लागलं. मग त्या उठल्या. “चुकलं तर चुकलं. तूच दुरुस्त कर. सोमवारी पानी सुटतंय. बागंत फुलं लागल्यात, ती आत्ताच गळाय लागल्यात. ह्या सोमवारी मिळालं न्हाय तर यंदा फळ न्हाय.”

मला ते अगदी सोपं वाटलं. एक रकाना घालायचा, दहा-बारा ओळी बदलायच्या, अर्ध्या दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशी मी चप्पल काढून सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत घालू.”

“सर, सोमवारी पाणी सुटतंय.”

“आणखी चार गावं घ्यायच्या विचारात आहेत. आज दुरुस्ती केली, की पहिला प्रोग्राम चुकीचा होता हे आपण कबूल केलं. कोण घेईल मग?”

“निदान मी लिहिलेलं मला वाचू तरी द्या. नेमकं कुठं बदलायचं ते बघते.”

सरांनी मागच्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं. माझ्या प्रोग्रामच्या मूळ ओळींची फ्लॉपी त्यात होती. “तुम्ही नोकरीत असताना लिहिलंत. ते क्लासचं आहे. नाही देता येणार.”

सर वाईट माणूस नव्हते, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. एका मुलीनं पुरुषांना कॉम्प्युटर शिकवावा हे गावाला खपत नव्हतं, त्या काळात त्यांनी मला खुर्ची दिली होती. पण त्या क्षणी मला त्यांचं उत्तर पटेना. मी लिहिलेलं मलाच वाचता येणार नाही? ज्यांच्या शेताचं पाणी त्यावर चालतं त्यांना नाही, ज्या बाईची फुलं गळतायत तिला नाही, आणि लिहिणारीलाही नाही? असा विचार मी आधी कधी केलाच नव्हता. कुलूप घातलं तेव्हा तर मीच खूश झाले होते. मी वर्गाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि बाहेर आले. चपला सापडेनात. सापडल्या तेव्हा पायांतच होत्या. कधी घातल्या ते कळलंच नव्हतं.

गुरुवारी दुपारी वीज गेलेली. आई हुलग्याचं माडगं वाढत होती आणि मी काही खात नव्हते. माझ्या कपाटात एसटी स्टँडवरून घेतलेलं एक जाडजूड इंग्रजी मासिक होतं, त्याच्यासोबत मिळालेल्या एका सीडीवर लिनक्स नावाची चीज होती, कॉम्प्युटर चालवणारी मूळ व्यवस्था. क्लासच्या मागच्या मशिनवर मी ती फावल्या वेळात चालवून पाहिली होती. चांगली होती, फुकट होती, म्हणून वापरली. तिच्यासोबत परवान्याचा एक लांबलचक इंग्रजी मजकूर होता, तो मी कंटाळून कधी पूर्ण वाचला नव्हता. मासिकात तो छापलेला होता. आबा म्हणाले, “काय हाय त्यात? वाच. इंग्रजी शाळंत कशाला घातली मग?”

मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायला लागले. त्यात म्हटलं होतं, की हे कुणीही कशासाठीही चालवावं. आतल्या ओळी वाचाव्यात. हव्या तशा बदलाव्यात. नक्कल करून दुसऱ्याला द्यावी, बदललेलीही द्यावी.

“थांब,” आबा म्हणाले. “लिवलंय कोनी?”

“जगभरातल्या माणसांनी. एकमेकांना पाहिलेलंही नाही त्यांनी.”

“पगार?”

“पुष्कळांना नाही.”

“मग मोडून ठिवलं कुनी तर?”

“मोडलेलंही सगळ्यांना दिसतं, आबा. कुणीतरी नीट करतो.”

आबांनी ताट बाजूला सारलं. पाणीवाटपात त्यांचं आयुष्य गेलेलं, लबाडी कुठून शिरते ते त्यांना बरोबर माहीत. “आन् एखाद्यानं फुकट घेतलं, थोडं बदललं, आन् पुढच्याला देताना कुलूप घातलं तर?”

मी पुढचं वाक्य वाचलं, आणि पुन्हा वाचलं, कारण माझा विश्वास बसेना. “ते करता येत नाही. पुढच्याला द्यायचं तर ज्या अटीवर मिळालं त्याच अटीवर द्यायचं. आतल्या ओळींसकट.”

आबांनी मासिक हातात घेऊन ते पान उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, “आसला कायदा आमच्या खात्यात आसता तर माझ्या निम्म्या पंचनाम्यांची शाई वाचली आसती.” आणि आईला म्हणाले, “वाढ तिला. तिला उद्या इंदापूरला जायचंय.”

त्या काळी लिनक्सला लोक हौशी पोरांचं खूळ म्हणत. आज तुमच्या हातातल्या फोनच्या पोटात, तुमचा बाबा काम करतो त्या मोठ्या मशिनांत, बहुधा तुमच्या टीव्हीतही, त्याच ओळींचं वाढलेलं रूप चालू आहे. ते इतकं वाढेल असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मला फक्त सोमवार दिसत होता.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी सीडी घेऊन गावात पोचले. तात्यांना सगळं सांगितलं, माझी चूक, सरांचं उत्तर, आणि हा नवा मार्ग: लिनक्सवर प्रोग्राम नव्यानं लिहायचा आणि उघडा ठेवायचा. मशिन संस्थेचं होतं, त्यावर काय घालायचं ते ठरवायचा हक्क संस्थेचा. तात्यांनी चेअरमनना विचारलं, मान हलली, आणि मी लिनक्स बसवायला घेतलं. जुना प्रोग्राम एका बाजूला तसाच ठेवून दुसऱ्या बाजूला हे बसवायचं, असा माझा बेत. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न येत होते, मी भराभर उत्तरं देत होते. एका प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला, तेव्हा मी तो प्रश्न मनात पुन्हा वाचला. सगळी डिस्क वापरू का, असा होता तो.

“तात्या,” मी म्हणाले, “पुसलं गेलं. जुना प्रोग्राम, याद्या, सगळ्यांची क्षेत्रं. सगळंच.”

तात्या खतांच्या पोत्यांच्या थप्पीवर मटकन बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. “बाई, शिकलेल्या मान्सांचं येक बरं आसतंय. बिघडवत्यात तर पुरतं बिघडवत्यात.” मग थोडं थांबून म्हणाले, “वही हाय माज्याकडं. कॉम्प्युटर आल्यापासनं रोज लिवतोय, चेअरमनला चोरून. मला त्या कुलपाचा भरवसा न्हवता.”

शुक्रवार दुपार आणि शनिवार सबंध दिवस, वीज असेल तेव्हा मी टंकत होते. रात्री तात्यांच्या घरी मुक्काम, त्यांच्या मंडळींच्या हातचं पिठलं. ह्या वेळी मी एकटी लिहीत नव्हते. तात्या शेजारी स्टूल टाकून बसले होते आणि प्रत्येक ओळीला विचारत होते, “ह्ये काय म्हनतंय?” मी सांगायची. त्यांना शब्द कळत नसत, पण आकडे कळत आणि ‘असं असेल तर तसं’ हा व्यवहार कळत असे. यादी करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. पाणी पोचल्याची वेळ आता प्रोग्राम विचारणार होता, ती घातली की खालच्या सगळ्या वेळा सरकवून नवी यादी छापणार होता. ओळी उघडून कशा बदलायच्या ते, आणि बदललेल्या ओळी मशिनला समजतील अशा करून घेण्याचा हुकूम मी एका पुठ्ठ्यावर लिहून पडद्याला टेकवून ठेवला.

रविवारी सकाळी आबा एसटीनं आले, ट्रंकेतली एक वही काखेत घेऊन. त्यांनी त्या वहीतल्या जुन्या पाळीच्या वेळा मशिनमध्ये घालायला लावल्या आणि निघालेली यादी बोट फिरवून पडताळली. मग आम्ही प्रोग्राम कागदावर छापला. सलग कागद, दोन्ही कडांना भोकं, माझ्या उंचीहून लांब. प्रत्येक ओळीसमोर मी लाल पेननं मराठीत लिहिलं, की ही ओळ काय करते. संध्याकाळी उजेड असतानाच चावडीवर माणसं जमली. पाळीची यादी दरवेळी तिथंच मोठ्यानं वाचायची पद्धत होती. आबा म्हणाले, “यादी नंतर. आदी यादी कशी व्हती त्ये वाच.”

मी उभी राहिले. चाळीस-पन्नास पुरुष, मागे भिंतीला धरून आठ-दहा बाया, त्यांत हौसाबाई. मी म्हणाले, “पहिल्या प्रोग्रामात चूक होती. ती माझी होती. टोकाच्या शेताचे तास मी गेट उघडल्यापासून मोजले.” कुणीतरी मागून म्हणालं, “कॉम्प्युटर चुकत न्हाय म्हनत हुता की तुमी!” हशा झाला. मी कागद उलगडला आणि एकेक ओळ वाचायला लागले.

“ह्ये मंत्र हायेत का वो बाई?” एकानं विचारलं.

तात्याच उत्तरले. “मंत्र कानात सांगत्यात. ह्ये भितीला चिकटवायचंय.”

“आन् आमाला काय चुकलं आसं वाटलं तर?”

“बदला,” मी म्हणाले. “मला विचारायची गरज नाही. फक्त काय बदललं ते लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्याला कळेल.”

“शेजारच्या गावाला दिला तर?”

“द्या. पण असाच उघडा द्या.”

हे मी म्हणाले खरी, पण मनातून मला ते शोभेचं वाक्य वाटत होतं. कोण बदलणार होतं?

सोमवारी सहाला गेट उघडलं. तात्या कचेरीत, आबा गेटवर, आणि मी तात्यांची सायकल घेऊन टोकाला, हौसाबाईंच्या बांधावर. ऊन चढत गेलं. डाळिंबाच्या झाडांखाली गळलेली लाल फुलं पडली होती. हौसाबाई चारीच्या कोरड्या तळाकडे बघत फावड्याचा दांडा चोळत होत्या. आठ वाजले, नऊ वाजले, साडेनऊ. चारीत गवत माजलेलं, पाणी रेंगाळत होतं. दहा वाजून दहा मिनिटांनी आधी ओली माती, मग फेस आणि काटक्या पुढे ढकलत पाणी आलं.

“आलं!” हौसाबाई ओरडल्या. “घाल वेळ!”

मी कागदावर वेळ लिहिली, सायकलवर बसले, आणि शंभर पावलं गेल्यावर मला एकदम आठवलं. प्रोग्रामात मी एक ओळ घातली होती. पाणी पोचायला तीन तासांपेक्षा जास्त वेळ दाखवला तर ती टंकायची चूक समजून नाकारायची. तीन तास पुष्कळ झाले, असं मीच ठरवलं होतं, कुणाला न विचारता. आज चार तास दहा मिनिटं लागले होते. प्रोग्राम ती वेळ घेणारच नव्हता. नवी यादी निघणार नव्हती. आणि अकरा वाजता वरचा शेतकरी सकाळची यादी दाखवून पाणी वळवणार होता. मी घामानं निथळत, पॅडल मारत, दुसऱ्यांदा तीच बाई बुडवली असं म्हणत कचेरीत पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

तात्या मशिनसमोर बसले होते. “किती?” त्यांनी विचारलं.

“दहा-दहा. पण तात्या, ते घेणार नाही, थांबा, मला ओळ...”

त्यांनी एका बोटानं आकडे टंकले. प्रिंटर करकरायला लागला. मला काही समजेना.

“नऊ वाजले तरी सायकल दिसंना,” तात्या म्हणाले. “म्हनलं, तीन तासाच्या वर गेलं. आन् तुमच्या त्या वळीत तर तीनाच्या म्होरं चूक म्हनतंय. चारीत गवत आसलं की पाच बी लागत्यात. मग तिनाचे सा केले, पुठ्ठ्यावरचा हुकूम दिला. येकदा चुकलं, दुसऱ्यांदा झालं.”

मी भिंतीकडे वळले. माझ्या लांबलचक कागदावर एका ओळीतला तीन निळ्या बॉलपेननं खोडला होता, वर सहा लिहिला होता, बाजूला तारीख आणि सही. माझ्या पहिल्या प्रोग्रामला तीन महिने कुणी हात लावू शकलं नव्हतं; ह्याला एक दिवसही झाला नव्हता. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला रागच आला.

“तात्या, मला विचारायचं तरी!”

तात्यांनी खरोखर गोंधळून माझ्याकडे पाहिलं. “काल चावडीवर तुमीच म्हनलात की, इचारायची गरज न्हाय म्हनून.”

मग त्यांनी यादी टर्रकन फाडली, दाराशी टाकलेली सायकल उचलली आणि वरच्या शेतकऱ्याला ती दाखवायला निघून गेले. मी तिथंच उभी राहिले, धापा टाकत, त्या निळ्या सहाकडे बघत. त्या दिवशी हौसाबाईंच्या बागेत तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत पाणी चालू होतं.